भीमगड अभयारण्यातली गावं अतिक्रमण आहेत का?

नाही. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या भीमगड जंगलात माणसांची वस्ती अभयारण्याच्या कितीतरी आधीची आहे. अभयारण्य जाहीर झालं 2011 साली. ज्या किल्ल्यावरून त्याला नाव मिळालं तो शिवकालीन, गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यासाठी उभारलेला. गवाळी, पास्तोली, कोंगळा, देगाव, आमगाव, तळेवाडी ही गावं आजही नकाशावर आहेत. पावसाळ्यात तिथल्या माणसांचे हाल होतात: ओढे भरले की वाट बंद, आजाऱ्याला खांद्यावरून न्यायचं. अशा लोकांना घुसखोर म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तळेवाडीच्या कुटुंबांना अलीकडे पैसे देऊन बाहेर वसवायला सुरुवात झाली, तीही स्वेच्छा पुनर्वसन म्हणून.

मात्र गाव जुनं म्हणजे जंगलातल्या जमिनीवरच्या हक्काचा प्रत्येक दावा आपोआप मंजूर, असं नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातीत न मोडणाऱ्या कुटुंबाला 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. त्यासाठी कागदच हवा असं नाही. हे पुरावेही चालतात:

- जुनी विहीर, घराचा चौथरा, बांध
- देवस्थान, स्मशानभूमी
- गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब
- जुने सरकारी नकाशे, गॅझेटियर

दावा आधी ग्रामसभेकडे द्यायचा. यातले किमान दोन पुरावे जोडा, आणि म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांचे जबाब लिहून घ्या.