सांडपाण्यातला पोलिओ आणि दोन थेंब
(वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं)

प्रश्न : माझी मुलगी लंडनला असते. २०२२ च्या उन्हाळ्यात शहराच्या सांडपाण्यात पोलिओ सापडला म्हणून तिच्या मुलाला जादा इंजेक्शन द्यायला बोलावलं होतं. तो विषाणू म्हणे तोंडाने देतात त्या डोसातूनच तयार झाला होता. धाकटी नात इथे आमच्याजवळ आहे. सून विचारते, मग हिला थेंब पाजायचेच कशाला? नुसतं इंजेक्शन पुरे नाही का?
— एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, पोलिओ रविवारी नातीला बूथवर न्यायचंच. थेंबही हवेत आणि इंजेक्शनही. सुनेचा प्रश्न मात्र रास्त आहे, तो उडवून लावू नका.

थेंबांत पोलिओचे जिवंत, पण दुबळे केलेले विषाणू असतात. ते बाळाच्या आतड्यात काही आठवडे वाढतात, प्रतिकारशक्ती जागी करतात आणि शौचावाटे बाहेर पडतात. आसपासच्या बहुतेक मुलांनी डोस घेतला असेल, तर त्यांचा प्रवास तिथेच संपतो. डोस चुकलेली मुलं पुष्कळ असली, त्यात उघडी गटारं असली, की ते या मुलातून त्या मुलात महिनोन्‌महिने फिरत राहतात. तसे फिरताना त्यांच्या जनुकांत बदल साठतात आणि कधीतरी लुळं पाडण्याची ताकद परत येते. प्रयोगशाळा विषाणूच्या जनुकातला सुमारे ९०० अक्षरांचा एक ठरावीक भाग वाचते. पोलिओच्या विषाणूचे टाइप १, २ आणि ३ असे तीन प्रकार आहेत. त्यातल्या टाइप २ मध्ये तिथे ६ किंवा अधिक बदल दिसले, की त्याला लसजन्य विषाणू म्हणतात. म्हणजे हा विषाणू पोसला जातो तो लस न पोचलेल्या मुलांमध्ये. थेंब बंद केले तर अशी मुलं वाढतील.

लंडनचंच बघा. ब्रिटनने तोंडाचा डोस २००४ मध्ये बंद केला. तरी फेब्रुवारी २०२२ पासून बेक्टनच्या मैलापाणी केंद्रातल्या नमुन्यांत टाइप २ पुन्हा पुन्हा सापडत गेला. टाइप २ चे थेंब वापरणाऱ्या देशातून कुणी आलं, तर एखाद्या नमुन्यात लसीचा विषाणू दिसतो, त्यात नवल नाही. पण हा टिकला आणि बदलत गेला, म्हणजे तो शहरात माणसांमधून फिरत होता. २२ जूनला सरकारने ते जाहीर केलं आणि १० ऑगस्टला लंडनमधल्या १ ते ९ वर्षांच्या सगळ्या मुलांना जादा इंजेक्शन द्यायचं ठरलं. तिथे एकही मूल लुळं पडलं नाही. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड काउंटीत याच विषाणूच्या भाईबंदाने लस न घेतलेल्या एका तरुणाला लुळं केलं. तिथे विषाणू आल्याचं कळलं ते त्याच्या आजारामुळे. लंडनला सांडपाण्याने आधी सांगितलं. सांडपाणी तपासायला एवढा खर्च कशाला, असं कुणी म्हटलं की मला रॉकलंडचा तो तरुण आठवतो.

आता नुसत्या इंजेक्शनबद्दल. त्याने लुळेपणा टळतो, पण आतड्यात विषाणूला अडवायला ते कमी पडतं. इंजेक्शन घेतलेलं मूल ठणठणीत राहूनही विषाणू पुढे देऊ शकतं. उलट आपल्या थेंबांत २५ एप्रिल २०१६ पासून टाइप २ नाही, फक्त १ आणि ३ आहेत. टाइप २ पासून नातीला वाचवणार ते इंजेक्शनच : सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात. कार्ड काढून या तीन नोंदी आहेत का ते आधी पाहा. जन्मतः प्रतिकारशक्तीचा गंभीर आजार असलेल्या बाळांना थेंब देत नाहीत. नातीला तसं काही असेल, तर तिच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

प्रश्न : आमच्या पाड्यावर एका मुलाचा पाय तापानंतर अचानक लुळा पडला. डॉक्टरांनी शौचाचे दोन नमुने मागितलेत. घरचे म्हणतात, पोलिओ तर देशातून गेला, आता हे कशाला? त्यांना काय सांगू?
— एक आशा कार्यकर्ती, धुळे जिल्हा

उत्तर : ताई, पोलिओ गेला हे आपण म्हणू शकतो, ते असे नमुने तुमच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं गोळा केले म्हणून. देशातला जंगली (म्हणजे लसीतून न आलेल्या, मूळच्या) पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावडा जिल्ह्यातला. पण २०२४ मध्ये मेघालयात टिकरीकिल्ल्याच्या दोन वर्षांच्या मुलात लसजन्य विषाणू सापडलाच. म्हणून १५ वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला, की तपासणी होतेच, कारण काही का असेना.

आरोग्य केंद्रात असताना मी आयांना सांगायचे, की यात सुई नाही, रक्त नाही, पैसे नाहीत. बहुतेक वेळा दुसराच आजार निघतो, आणि पोलिओ नाही हे कळणंही घरच्यांना मोठा दिलासा असतो. घरच्यांशी पुन्हा पोलिओवरूनच सुरुवात करू नका, मुलाच्या पायाची चौकशी आधी करा.

दोन नमुन्यांत किमान २४ तासांचं अंतर ठेवा. दोन्ही लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत घ्यायचे. नमुना अंगठ्याएवढा पुरतो. डबीवर नाव आणि तारीख घाला आणि लगेच आइसपॅक असलेल्या कॅरियरमध्ये ठेवा, पण लसीच्या कॅरियरमध्ये कधीच नाही. वाटेत बर्फ वितळला तर विषाणू असूनही सापडत नाही. आणि पाय नेमका कुठल्या दिवशी लुळा पडला, ते आईला आजच विचारून लिहून ठेवा. १४ दिवस तिथून मोजायचेत.