मॅस्टोडॉनसाठी दुसरं ॲप घेताय? आधी हे बघा

मॅस्टोडॉन हे अनेक सर्व्हरवर चालणारं सोशल नेटवर्क. त्याच्या अधिकृत ॲपऐवजी दुसरं हवं असेल, तर अँड्रॉइडवर टस्की घ्या, आयफोनवर आइस क्यूब्स. दोन्ही मोफत आहेत आणि दोघांचा कोडही खुला आहे.

पहिली अडखळण लॉगिनलाच होते. ॲप सर्व्हर विचारतं, तिथे आपलं पूर्ण नाव नाही, फक्त मॅस्टोडॉन डॉट सोशलसारखा सर्व्हरचा पत्ता टाकायचा. मग ब्राउझरमध्ये किंवा ॲपच्या आतच तुमच्या सर्व्हरचं वेब पान उघडतं. पासवर्ड फक्त तिथेच टाका, तोही वरचा पत्ता नीट वाचून. सर्व्हरच्या पानाऐवजी ॲपने स्वतःच्या चौकटीत पासवर्ड मागितला, तर ते ॲप लगेच काढून टाका. परवानगी दिली की ॲपला एक टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली मिळते, पासवर्ड त्याच्या हाती लागत नाही. म्हणूनच फोन हरवला तर वेबवर खात्याच्या सेटिंगमधल्या अधिकृत ॲप्सच्या यादीत जाऊन तेवढ्याच ॲपची परवानगी रद्द करता येते.

टस्कीत सूचना उशिरा येतात ही नेहमीची तक्रार. युनिफाइडपुश (सूचना लगेच फोनवर पोहोचवणारी खुली पद्धत) लावलेलं नसेल, तर ॲप साधारण दर 15 मिनिटांनी स्वतः जाऊन बघतं, आणि फोनची बॅटरी बचत त्यालाही अडवते. युनिफाइडपुशसाठी एनटीएफवाय (ntfy) हे ॲप बसवा, बॅटरीचं बंधन काढा, मग टस्कीत एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा.

पोस्ट वेळ लावून टाकायची तर किमान 5 मिनिटं पुढची वेळ द्या, त्याहून जवळची सर्व्हर नाकारतो. लिंक कितीही लांब असो, पोस्टच्या अक्षरमर्यादेत तिची 23 अक्षरंच मोजली जातात.