ऑफिसचा पहिला दिवस नकोसा का होतो?

नवीन माणूस रुजू होतो आणि दोन दिवसांत चेहरा पाडून बसतो, काम सुरूही झालेलं नसताना असं का, असा प्रश्न आहे.

बहुतेकदा कारण काम नसतं, रिकामं बसणं असतं. लॉगिन आयटीकडे अडकलेलं, ॲक्सेस कार्ड आलेलं नाही, त्यामुळे चहाला बाहेर गेलं की काचेच्या दाराशी कुणीतरी उघडेल म्हणून ताटकळायचं. तिथेच मनात शिक्का बसतो. लॉगिन, कार्ड आणि जागा किमान 3 दिवस आधी मागवा. त्याच सकाळी तिकीट (आयटीकडे मागणीची नोंद) टाकलं तर संध्याकाळ होतेच.

एसीच्या झोताखालची उरलेली खुर्ची नव्याच्या गळ्यात मारू नका. (ती रिकामी का, हे जुन्यांना पक्कं ठाऊक असतं.) सेंट्रल एसीचा सेन्सर पुष्कळदा लांब पॅसेजमध्ये असतो, तिथे 24 दाखवतो आणि इकडे माणूस कुडकुडतो. झोताची पट्टी वळवा, नाहीतर टेबल सरकवा. टेबलावर साधारण 300 ते 500 लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड हवा. खिडकी डाव्या-उजव्या हाताला असावी. पाठीमागे असली की स्क्रीनवर चकाकी येते.

पण खरी परीक्षा जेवणाच्या सुट्टीत. ‘डबा आणलाय ना? चला,’ म्हणणारा एकजण आधीच नेमून ठेवा. साहेब नको, साहेबांसमोर माणूस जेवतो कमी, मान जास्त डोलावतो. डबा नसेल तर कॅन्टीनचं कूपन कुठे मिळतं, तेही त्यानेच दाखवावं.