टिकलीखालचा डाग

परवा परत एका आईने तोच प्रश्न विचारला, लेकीच्या अंगावर पांढरा डाग आलाय, हे कोडच का, आणि असलं तर लग्नाचं कसं होणार. म्हणून दोनेक वर्षांपूर्वीची एक केस सांगते, ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही.

माझ्याकडे मायलेकी सल्ला घ्यायला आल्या होत्या. लेक २६ वर्षांची, नोकरी करणारी, भर मे महिन्यात फुल बाह्यांचा कुर्ता. आईच्या कपाळाला रुपयाएवढी मरून टिकली. लेकीच्या बोटांच्या टोकांवर, मनगटावर आणि ओठाच्या कडेला डाग होते, पण बोलत होती आईच. कुणी म्हणालं दुधावर मासे खाल्ले म्हणून झालं, मग मासे बंद, दही बंद, लिंबू बंद, मग शेजारच्या काकूंनी बावचीचं तेल दिलं ते लावून पोरीला गच्चीवर उन्हात बसवलं आणि मनगटावर टरारून फोड आले. फोड बसले तर डाग आधीपेक्षा मोठा.

दूध-माशांचा आणि कोडाचा काही संबंध नाही. बावचीचा मात्र आहे, पण ती जपून वापरायची. तिच्यात सोरालेन नावाचं रसायन असतं, ते लावून ऊन घेतलं की कातडी भाजू शकते आणि कोड असलेल्या माणसाला जिथे भाजेल, खरचटेल, सारखं घासेल तिथे नवा डाग उठू शकतो. घरच्या घरी करायचा हा प्रकारच नाही.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे स्किनच्या डॉक्टरांनी बघितल्याशिवाय मी डागाबद्दल पुढचं बोलतच नाही. रडारड नंतर, आधी डाग कसला ते कळू दे. कारण लहान पोरांच्या गालावरचे फिकट, जरा खरखरीत चट्टे बहुतेक वेळा कोरड्या त्वचेचे असतात (आपल्याकडे लगेच जंतांचं औषध देतात ते वेगळं), पाठीवर-मानेवर घामाने येतात ती शिबं, ती बुरशी असते आणि औषधाने जाते, फक्त रंग भरायला काही महिने लागतात. आणि डाग फिकट आहे पण तिथे टोचलेलं, गरम-गार कळत नाही, असं असेल तर एक दिवससुद्धा घालवू नका, तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि पूर्ण बरा होतो. कोडाला श्वेतकुष्ठ म्हणतात ना, त्या एका शब्दाने फार वाटोळं केलंय, दोन्हींचा काडीचा संबंध नाही आणि कोड शिवून पसरत नाही.

तर डॉक्टरांनी अंधारात एक निळसर दिवा धरून बघितलं आणि लेकीचं कोडच निघालं. आपलीच प्रतिकारशक्ती रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते म्हणून हे होतं, याच्या जोडीने थायरॉईडही असू शकतं म्हणून ती टेस्टही झाली.

पुढच्या वेळी आई एकटी आली. दार लावून घेतलं आणि काही न बोलता टिकली काढली. खाली बरोबर टिकलीच्याच आकाराचा पांढरा गोल. दहा वर्षं हा डाग लपवत होती, डाग वाढला की टिकली मोठी. नवऱ्यालासुद्धा माहीत नाही म्हणे. "माझ्यामुळेच झालं हो तिला, माझंच रक्त." मी गप्पच बसले थोडा वेळ.

तिलाही डॉक्टरांकडे पाठवली. ते म्हणाले हा बहुतेक टिकलीच्या गोंदाचा प्रताप. काही गोंदांत पॅरा टर्शरी ब्युटिल फिनॉल नावाचं केमिकल असतं, ते रंगाच्या पेशी मारतं, रबरी चपलेच्या पट्ट्यांखालीही असे डाग येतात ते अशाच केमिकलमुळे. म्हणजे बाई जी गोष्ट डाग झाकायला लावत होती तिनेच डाग वाढत होता! आणि लेकीचं म्हणाल तर खुद्द आई-वडिलांपैकी एकाला कोड असलं तरी बहुतेक मुलांना ते होतच नाही. हे ऐकून ती जी रडली, ते तिथेच मोकळं झालं.

लेकीची ट्रीटमेंट सुरू झाली, उलटलेल्या प्रतिकारशक्तीला आवरणारं टॅक्रोलिमसचं मलम आणि आठवड्यातून २ वेळा नॅरोबँड यूव्हीबी म्हणजे मशीनचा ठराविक प्रकाश. पहिले तीन महिने काहीच नाही, सोडायला निघाली होती. मग मनगटावर केसांच्या मुळाशी तीळ पेरल्यासारखे तपकिरी ठिपके दिसायला लागले, रंग असाच आतून येतो. ओठाच्या कडेचं बरंच भरलं, बोटांची टोकं तशीच आहेत, तिथे केसच नसतात म्हणून रंग हट्टी. डाग वर्षभर वाढला नाही तर ग्राफ्टिंगचा, म्हणजे दुसरीकडची चांगली कातडी डागावर लावायचाही पर्याय असतो, ती नको म्हणाली.

मग मी तिला पुण्याच्या श्वेता असोसिएशनबद्दल सांगितलं, कोड असलेल्यांचाच आधारगट आहे. स्थळांना आता आपणच आधी सांगायचं, पहिल्याच फोनवर, असं तिने ठरवलंय. दोघांनी परत फोन केला नाही, एकजण अजून बोलतोय.

आईचं कपाळ आता मोकळं असतं, सासूबाई कुरकुरतात. परवा आई फोनवर मला विचारत होती, मॅडम, निदान कुंकू तरी लावू का. म्हटलं डबी घेऊन डॉक्टरांकडे जा, हल्लीच्या कुंकवातही केमिकल असतंय.