घटनादुरुस्ती, सुधारणा की संशोधन?

ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिव बाईंनी विचारले आहे की, प्रजासत्ताक दिनासाठी फलक लिहिताना त्यांनी ‘७४वी घटनादुरुस्ती’ असे लिहिले, तेव्हा दोन सभासदांनी त्याला हरकत घेतली. पहिल्यांचे म्हणणे असे की, दुरुस्ती मोडक्या वस्तूची करतात, राज्यघटनेची नव्हे. दुसऱ्यांचे असे की, ‘संविधान संशोधन’ हाच शुद्ध शब्द आहे. शेजारीच गच्चीच्या गळतीची सूचना लावलेली होती आणि तिच्यातही ‘दुरुस्ती निधी’ हे शब्द होते, त्यामुळे पहिली हरकत आपल्यालाही पटू लागली, असे बाई लिहितात.

बाईंनी आपला शब्द बदलू नये. ‘दुरुस्त’ हा फारसीतून आलेला शब्द असून त्याचा अर्थ योग्य, बरोबर, जसे असावे तसे, असा आहे. शिधापत्रिकेवरील नावाची दुरुस्ती करतो तेव्हा काहीही मोडलेले नसते. गृहनिर्माण संस्थेच्या विषयपत्रिकेवर ‘उपविधी दुरुस्ती’ हा विषय असतो तेव्हा उपविधींना तडा गेला आहे असे कोणी समजत नाही. लिखित मजकुरात रीतसर बदल करणे हा या शब्दाचा मराठीतील रुळलेला अर्थ आहे.

‘संशोधन’ मात्र मराठीत टाळावे असे माझे स्पष्ट मत आहे. संस्कृतात या शब्दाचा अर्थ शुद्ध करणे असा आहे, आयुर्वेदात तो त्याच अर्थाने येतो, आणि हिंदीने तेथूनच पुढे जाऊन त्याला कायद्यातील बदलाचा अर्थ दिला. हिंदीच्या दृष्टीने तो योग्यच आहे. पण मराठीत आपण प्रयोगशाळेत संशोधन करतो, दप्तरखान्यात बसून संशोधन करतो, त्यामुळे ‘संसदेने संविधान संशोधन केले’ हे वाक्य मराठी वाचकाला संसदेने राज्यघटनेचा अभ्यास केल्यासारखे वाटते. हिंदी बातम्यांचे घाईने मराठीकरण होते तेव्हा हा शब्द तसाच राहून जातो.

तिसरा शब्द ‘सुधारणा’. संविधानाच्या अधिकृत मराठी पाठात हाच शब्द योजलेला आहे आणि तेथे ‘संविधान (बेचाळिसावी सुधारणा) अधिनियम, १९७६’ अशा पद्धतीने उल्लेख येतात. अधिनियमाचे पूर्ण नाव देताना तो पाळलाच पाहिजे. एरवीच्या लेखनात मला तो थोडा अडचणीचा वाटतो, कारण ‘सुधारणा’ म्हटले की आधीपेक्षा चांगले झाले हा निवाडा त्या शब्दातच येतो. बेचाळिसाव्या दुरुस्तीतील अनेक तरतुदी १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने काढून टाकल्या. दोन्हींना सुधारणा म्हणताना अर्थाची ओढाताण होते. (सभेपुढील ठरावात बदल सुचवायचा असेल तर त्याला ‘उपसूचना’ म्हणतात; इंग्रजीत या सगळ्यांना एकच शब्द पुरतो.)

आता पहिल्या हरकतीकडे पुन्हा वळतो, कारण तिच्यात दडलेला प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता. संविधानाच्या अनुच्छेद ३६८ मध्ये दुरुस्तीचा अधिकार आणि तिची पद्धत दिलेली आहे. १९७१ च्या चोविसाव्या दुरुस्तीने तेथे भर घालणे, बदल करणे आणि रद्द करणे हे तिन्ही प्रकार स्पष्ट शब्दांत लिहिले. तर मग संसदेला सर्वच रद्द करता येईल का? केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा मताने निर्णय दिला की, संसद कोणत्याही भागात दुरुस्ती करू शकते, परंतु घटनेची मूलभूत चौकट बदलू शकत नाही. जुन्या इमारतींच्या सभांमध्ये बसलेल्या ठाणेकराला दुरुस्ती आणि पुनर्विकास यांतला फरक शिकवावा लागत नाही: दुरुस्तीत भिंतीला नवे प्लास्टर होते, नळ बदलतात, प्रसंगी खोलीही वाढते, पण इमारत तीच राहते. म्हणून घरदुरुस्तीचा जो अर्थ सभासदांना खटकला, तोच मला येथे सर्वांत चपखल वाटतो.

हा शब्द वापरताना एक मर्यादा सांभाळावी. राज्यघटनेच्या मजकुरातील प्रत्येक बदल कायद्याच्या भाषेत घटनादुरुस्ती ठरत नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा पहिल्या अनुसूचीतील राज्यांची यादी बदलली. पण ते काम मुंबई पुनर्रचना अधिनियम, १९६० या साध्या बहुमताच्या कायद्याने झाले, आणि असा कायदा अनुच्छेद ३६८ पुरता दुरुस्ती मानायचा नाही, असे अनुच्छेद ४ सांगतो. अनुच्छेद ३६८ खालील दुरुस्तीला प्रत्येक सभागृहात दोन कसोट्या एकदम लागतात: एकूण सदस्यसंख्येचे बहुमत, आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश मते. लोकसभेच्या ५४३ सदस्यांपैकी ३९० जणांनीच मतदान केले तर दोन तृतीयांश म्हणजे २६० होतात, तरी तेवढ्याने भागत नाही, २७२ लागतातच. राष्ट्रपतींची निवडणूक किंवा केंद्र व राज्ये यांच्यातील अधिकारवाटप अशा काही विषयांत निम्म्याहून कमी नाहीत इतक्या राज्यांच्या विधानमंडळांचे अनुसमर्थनही आवश्यक असते, आणि शेवटी राष्ट्रपतींची अनुमती.

तोपर्यंत ते ‘घटनादुरुस्ती विधेयक’ असते, ‘घटनादुरुस्ती’ नव्हे. दोन्हींचे क्रमांकही निराळे असतात, कारण बारगळलेल्या विधेयकांचे क्रमांक मोजणीत राहतात: महिला आरक्षणाचे २०२३ मधील विधेयक १२८वे होते, दुरुस्ती मात्र १०६वी.

बाईंच्या फलकावर ‘७४वी घटनादुरुस्ती’ हे शब्द तसेच ठेवावेत. पूर्ण नाव द्यायचे असल्यास ‘संविधान (चौऱ्याहत्तरावी सुधारणा) अधिनियम, १९९२’ असे लिहावे. नगरपालिका आणि महानगरपालिकांविषयीचा भाग नऊ-क आणि १८ विषयांची बारावी अनुसूची या दुरुस्तीने संविधानात आली, म्हणजे ती मुख्यतः भर घालणारी दुरुस्ती आहे. नावात १९९२ असले तरी ती १ जून १९९३ पासून अमलात आली, तेव्हा फलकावर दिनांक लिहायचा असेल तर हा लिहावा.