डोमेन ‘विकत’ घेता येतं का?

प्रश्न नागपूरच्या इतवारीतून आला आहे. मसाल्याच्या दुकानाची पाटी नव्यानं रंगवायची आहे, दुकानाच्या नावात ‘वऱ्हाडी’ हा शब्द आहे आणि पाटीवर ‘.भारत’मधला देवनागरी पत्ता टाकायचा आहे. विचारणारे लिहितात: “पोरगा म्हणते, डोमेन विकत घेऊन टाकू. पण डोमेनला मराठीत काय म्हणावं? संकेतस्थळ, का संकेतनाम, का आणखी काही?”

संकेतस्थळ म्हणजे वेबसाइट, डोमेन नव्हे. शब्द मोठा देखणा आहे. जुन्या संस्कृत काव्यात प्रेमिकांनी भेटायची ठरवलेली जागा म्हणजे संकेतस्थळ. पण ती जागा झाली. डोमेन म्हणजे त्या जागेचं इंटरनेटवरचं नाव. तुम्ही दुकान इतवारीतून सदरला नेलं तरी नाव तेच राहील. साइट ज्या संगणकावर ठेवलेली असते तो सर्व्हर. ती एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलली तरी डोमेन बदलत नाही, आणि डोमेनची सोय त्याच्यासाठीच केलेली आहे. ‘संकेतनाम’ वाचलं की मला गुप्तहेराचं टोपणनाव आठवतं, म्हणून तो शब्द मला पटत नाही.

मूळ शब्दाकडे बघा. डोमेनच्या मुळाशी लॅटिनमधला ‘डोमिनस’ आहे, म्हणजे धनी. ज्यावर कुणाचा अंमल चालतो ते डोमेन. इंटरनेटनं हा शब्द उगाच घेतलेला नाही. सुरुवातीला जोडलेल्या सगळ्या संगणकांची नावं एकाच यादीत असत आणि ती यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई. संगणक वाढले, यादी आवरेना. १९८३ साली संगणकशास्त्रज्ञ पॉल मोकापेट्रिस यांनी नवी रचना मांडली: यादी एका हातात ठेवायचीच नाही, ज्याच्या अंमलातली नावं त्यानं सांभाळायची.

आपल्याकडची जमिनीची विक्रीपत्रं काढून बघा. खसरा (म्हणजे सर्व्हे) नंबर, मौजा, पटवारी हलका नंबर, तहसील, जिल्हा नागपूर. जिल्ह्याच्या कचेरीला प्रत्येक खसऱ्याचा मालक तोंडपाठ नसतो. कोणत्या पटवाऱ्याकडे विचारायचं एवढं तिला ठाऊक असतं. डोमेनही असंच चालतं. डावीकडे लहान, उजवीकडे मोठं, आणि वरचा फक्त खालच्याचा ठावठिकाणा सांगतो. म्हणून मला ‘क्षेत्रनाम’ हा शब्द योग्य वाटतो. ‘क्षेत्र’मध्ये शेतही आहे आणि अधिकारही. बोलताना डोमेन म्हणा, काही बिघडत नाही. पाटीवर मात्र ‘संकेतस्थळ’च लिहा, कारण गिऱ्हाइकाला तिथं यायचं आहे.

नामापेक्षा माझा जीव क्रियापदात अडकला आहे. डोमेन विकत मिळत नाही. .कॉम असो की .इन, नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची होते. मुदत संपली, नूतनीकरण राहिलं, थोडी सवलतीची मुदतही उलटली, की ते नाव कुणीही घेऊ शकतो. नागपूरच्या माणसाला यासाठी शब्द शोधावा लागू नये. नझुलची, म्हणजे सरकारी, जमीन आपण ‘पट्ट्यानं’, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारानं, घेतो. तसंच ‘डोमेन पट्ट्यानं घेतलं’ म्हणा. ‘विकत घेतलं’ म्हणणारा माणूस नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवत नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचं डोमेन असंच गेलं. आज त्या पत्त्यावर कुणा परक्याची साइट दिसते, आणि त्यांच्या जुन्या लेटरहेडच्या गठ्ठ्यावर पत्ता अजून तोच छापलेला आहे.

या रचनेची मोठी मर्यादाही तुमच्याच नावात आहे. वऱ्हाडी म्हणजे वऱ्हाडातला, आणि वऱ्हाडी म्हणजे लग्नाला आलेला. उद्या एखाद्या मंगल कार्यालयानं ‘वऱ्हाडी.भारत’ घेतलं तर तुम्हाला दुसरं काही शोधावं लागेल. गावात एकाच नावाची तीन दुकानं सुखानं नांदतात, ‘इतवारीवालं’ म्हटलं की भागतं. डोमेनमध्ये एका नावाला एकच धनी, आणि आधी येईल त्याला ते मिळतं. वरच्या पातळीवर ‘.कॉम’, ‘.इन’सारखी नवनवी शेपटं जोडून ही तंगी फिटेल असं मला वाटत नाही. लोक तेच नाव प्रत्येक शेपटाखाली अडवून ठेवतात.

आता ‘ऱ्ह’. .भारत २०१४ साली सुरू झालं, आणि देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या इतर भाषांबरोबर त्यात मराठीही आहे. पण डोमेनचं जुनं यंत्र आतून अजून रोमन अक्षरं, आकडे आणि जोडरेघच ओळखतं. त्यामुळे देवनागरी नावाचं आधी ‘एक्स-एन’ आणि दोन जोडरेघांनी सुरू होणाऱ्या रोमन ओळीत रूपांतर होतं. या रूपांतराला प्युनिकोड म्हणतात. माणसाला अक्षर दिसतं, यंत्राला त्यामागचे संकेतांक. आणि आपला चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक, ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही ‘वऱ्हाडी’ सारखेच, प्युनिकोडमध्ये मात्र दोन वेगळी नावं. अशा बिगर-रोमन नावांसाठीच्या २००३ च्या नियमांत ते अदृश्य चिन्ह गाळलंच जाई आणि ‘वऱ्हाडी’चा रफार होऊन ‘वर्हाडी’ उरे. पुढच्या नियमांनी हलन्तानंतर त्याला जागा दिली, पण तुम्ही त्याच्या भरवशावर राहू नका. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ दाबा, ऱ येतो. नोंदणी त्यानंच करा.

अशीच दुसरी जागा ‘ख’ची. जुन्या वळणात तो ‘रव’सारखा दिसतो, दोन्ही पाय जोडलेला ख त्यासाठीच प्रमाण केला. नावाच्या बाबतीत हा गोंधळ फसवणुकीला वाट देतो, म्हणून ‘खसखस’ किंवा ‘खडा मसाला’ नावात घेणार असाल तर पाटीवर आणि पिशवीवर जोडलेला ख वापरा.

देवनागरी ईमेल पत्त्याचं म्हणाल तर तो पाटीवर एकटा देऊ नका. माझा तसा पत्ता परवाच एका ऑनलाइन अर्जानं ‘अवैध’ म्हणून परत केला. नावं देवनागरीत घेण्याचे नियम झाले, ती स्वीकारणारे अर्ज अजून सगळीकडे झालेले नाहीत. तोवर रोमन पत्ताही शेजारी ठेवा.

आणि रंगाऱ्याला कागदावर ‘वऱ्हाडी’ स्वतः लिहून द्या. ‘ह’च्या डोक्यावर रफार काढू नका, आधी अर्धा र काढा, हे समोर उभं राहून सांगा.