पॉवेल आणि लॉय यांचा पडद्यावरचा संसार

प्रश्न : हॉलिवूडचे कलाकार विल्यम पॉवेल आणि मर्ना लॉय हे खरोखरच पती-पत्नी होते का? त्यांची जोडी एवढी लोकप्रिय का झाली, आणि त्यांचे कोणते चित्रपट आधी पाहावेत?

उत्तर : नाही, त्यांचा विवाह कधीच झाला नव्हता. मात्र १९३४ ते १९४७ या काळात त्यांनी १४ चित्रपटांत एकत्र काम केले आणि त्यांपैकी अनेकांत ते पती-पत्नी म्हणून इतके सहज वावरले, की असंख्य प्रेक्षक त्यांना खरे दांपत्यच समजत.

‘मॅनहॅटन मेलोड्रामा’ हा त्यांचा पहिला एकत्रित चित्रपट. त्याचे दिग्दर्शक डब्ल्यू. एस. व्हॅन डाइक यांनी दोघांमधला मोकळेपणा हेरला आणि त्याच वर्षीच्या ‘द थिन मॅन’साठी लॉय यांचाच आग्रह धरला. तोवर त्यांच्या वाट्याला बहुधा गूढ, मोहिनी घालणाऱ्या खलनायिका येत असल्यामुळे एमजीएम स्टुडिओ सहजासहजी राजी होत नव्हता.

माझ्या मते या जोडीचे खरे यश ‘द थिन मॅन’मधील निक आणि नोरा या दांपत्याच्या बरोबरीत आहे. त्या काळातील प्रेमकथा बहुधा लग्नापाशी संपत. येथे मात्र लग्न आधीच झालेले आहे आणि तरीही दोघांना एकमेकांच्या सहवासाचा कंटाळा आलेला नाही. निकने सहा मार्टिनी घेतल्याचे कळताच नोरा रागावत नाही, तर त्याची बरोबरी साधण्यासाठी स्वतःकरिता आणखी पाच मागवते. पॉवेल संवाद लीलया फेकतात हे खरे, पण तो ऐकताना लॉय यांच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्यामुळेच त्याची गंमत पूर्ण होते. त्यांच्या या ऐकण्याची पुरेशी दखल घेतली जात नाही, असे मला मनापासून वाटते. या भूमिकेसाठी पॉवेल यांना ऑस्करचे नामांकन मिळाले, लॉय यांना मात्र कारकिर्दीत एकदाही मिळाले नाही. अकादमीने १९९१ मध्ये त्यांना मानद पुरस्कार दिला.

सुरुवात अर्थातच ‘द थिन मॅन’पासून करावी. त्याचे पुढे आणखी पाच भाग निघाले, परंतु ते सलग पाहण्याऐवजी आधी १९३६ चा ‘लायबल्ड लेडी’ आणि नंतर १९४० चा ‘आय लव्ह यू अगेन’ पाहावा. दुसऱ्या चित्रपटात नायकाला नऊ वर्षांनी आपली जुनी ओळख आठवते, पण मधल्या काळात केलेले लग्न मात्र आठवत नाही, आणि घटस्फोटाच्या तयारीत असलेल्या स्वतःच्याच पत्नीचे मन त्याला नव्याने जिंकावे लागते.